उभ्या माणसाचं माप

कोसारा सिस्टरचे केस मी एकदाही कापलेले नाहीत. ते ती स्वतःच कापते, आणि वाईट कापते. मागची डावी बाजू नेहमी बोटभर खाली. मोराव्हा नदीकाठच्या या गावात मी चाळीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवलं, त्यामुळे असं डोकं समोरून जाताना दिसलं की माझे हात शिवशिवतात. गेल्या ऑक्टोबरात माझं अर्धं जठर कापून काढलं, आणि मग रोज सकाळी ते डोकं माझ्या पायांवर वाकलेलं मला पाहावं लागलं.

"पाय बाहेर," ती दारातूनच म्हणायची. सुप्रभात नाही, झोप लागली का नाही, काही नाही. बाकीच्या सिस्टर गळ्यात छाती तपासायची नळी घालून मिरवतात. हिच्या गळ्यात शिंप्याची पिवळी टेप. गुडघ्याच्या वाटीखाली वीतभर अंतरावर बॉलपेनने खूण केलेली असे. त्या खुणेवर टेप गुंडाळून ती आधी उजवी पोटरी मोजायची, मग डावी, आणि आकडे वहीत लिहायची.

"खूण धुऊन काढलीत स्रेतेनकाका, तर तुमचे केस मी कापीन," पहिल्याच दिवशी तिने मला धमकावलं. मी खूण जिवापाड जपली.

हे कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा तिने टेप गळ्यात टाकली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. ही बाई वॉर्डात कधी बसलेली मी पाहिली नाही.

"कॅन्सर रक्ताला गोठायची घाई लावतो. ऑपरेशन त्यात भर घालतं. आणि वरून तुम्ही लोक ओंडक्यासारखे पडून राहता. तिन्ही मिळून पायाच्या नसेत रक्ताची गुठळी धरते. ती पायात राहिली तर पाय सुजतो. तिथून सुटून फुप्फुसात गेली, तर मला तुमची खाट दुसऱ्यासाठी झाडावी लागते. म्हणून पोटात रोज एक सुई, पायात हे घट्ट मोजे, आणि दिवसातून चार वेळा उठून चालायचं. कळलं?"

मला कळलं. मी उभ्या धंद्यातला माणूस, चालायला मला कोणी सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशीच मी सलाइनचा खांब हातात धरून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आलो आणि स्वतःवर खूश झालो. प्रश्न माझा नव्हताच. प्रश्न माझ्या शेजारच्या खाटेवर होता.

त्याचं नाव झिवादिन. डोंगरावरच्या गावचा, तीनशे आलुबुखाराच्या झाडांचा मालक, अठ्ठावन्न वर्षांचा, दाराएवढा माणूस. मोठ्या आतड्यातली गाठ काढली होती आणि जखम जरा चिघळली होती म्हणून त्याचा मुक्काम लांबला होता. त्याच्या डोक्यात एकच तारीख होती, एकवीस नोव्हेंबर. त्या दिवशी त्याच्या घरची स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, देवदूत मिहाईलचा. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी मेणबत्ती लागली की शेवटचा पाहुणा जाईपर्यंत घरचा यजमान खाली टेकत नाही. पाहुणे बसतात, खातात, गातात. तो उभा राहून वाढतो. झिवादिन एकतीस वर्षं असा उभा राहिला होता. त्याचा बाप तर पायाचं बोट मोडलेलं असताना उभा राहिला होता, आणि ही गोष्ट झिवादिनने मला पहिल्या दिवशी दोनदा सांगितली.

आता कोणीही म्हणेल, अशा माणसाने ऑपरेशननंतर चालायची सवय करावी. पण डोंगरी डोकं वेगळं चालतं.

"काका, मी पाय साठवून ठेवतोय," तो मला म्हणाला. "इथल्या फरशीवर कशाला झिजवू? एकवीस तारखेला लागणार आहेत."

आणि तो झोपून राहिला. फक्त संडासापुरता उठायचा, तेही कोसाराने डोळे वटारले तर. घट्ट पांढरे मोजे त्याने उशीखाली कोंबले होते, कारण ते बायकांचे दिसतात असं त्याचं म्हणणं. त्यावर कळस म्हणजे त्याची बायको ल्युबिंका. रोज अकराच्या बसने यायची आणि आल्याआल्या मी उघडलेली खिडकी धाडकन लावून टाकायची.

"वाऱ्याचा झोत लागेल त्याला!"

"वहिनी, आम्ही तिघं इथे वाफेवर शिजतोय."

"शिजा. शिजून कोणी मेलेलं नाही. झोत लागून माझा चुलता गेला."

मग ती त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंत येणारे लोकरी मोजे चढवायची, पांघरूण चारी बाजूंनी खोचायची, चीजचे थर घातलेली घरची गरम पोळी घास घास भरवायची. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर असला तरी तो तिने उचलायचा. चौतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी इतकं आपल्या मागेमागे करू दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात सुख वाटत होतं. कोसारा म्हणायची, "वहिनी, तुम्ही त्याला प्रेमाने मारताय." ल्युबिंका हसायची. तिला ते कौतुक वाटायचं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर कोसाराची दोन दिवस सुट्टी होती. तिच्या जागी आलेली पोरगी सुई टोचून जायची, टेपचं तिला काही माहीत नव्हतं. शनिवारी झिवादिनची डावी पोटरी दुखायला लागली. रविवारी सकाळी त्याने पांघरूण वर करून पाहिलं आणि पटकन खाली केलं.

"झोत लागला," त्याने निदान केलं. "तुमच्या त्या खिडकीचा."

अकराची बस आली. ल्युबिंकाने पाय पाहिला आणि पिशवीतून सोड्याच्या बाटलीत भरलेली घरची राकिया काढली. आलुबुखाराची दारू, दोनदा गाळलेली, पाण्यासारखी स्वच्छ. आमच्याकडे राकिया प्यायची कमी आणि चोळायची जास्त. ताप आला, चोळा. पाठ धरली, चोळा. ल्युबिंकाने बाह्या सरसावल्या आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जोर लावून चोळायला घेतलं. झिवादिन दात आवळून पडला होता. ती दुपारी जायच्या आधी पुन्हा एकदा चोळलं, आणि वरून लोकरी मोजा.

खोलीत असा वास सुटला की तिसऱ्या खाटेवरचा म्हातारा, जो आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता, तो उठून बसला आणि म्हणाला, "कुणाच्या घरचं लग्न आहे?"

"काका," झिवादिन माझ्याकडे वळला. "तुम्ही काही पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंना कळलं तर मला एकवीसपर्यंत सोडणार नाहीत. शब्द द्या."

मी दिला. मी न्हावी आहे, शब्द पाळणं हा माझ्या धंद्याचा भाग. दुकानातल्या खुर्चीवर लोक काय काय बोलून जातात. मी तोंड उघडलं असतं तर अर्ध्या गावाचे काडीमोड झाले असते. मी गप्प राहिलो तर त्यात माझा काय दोष, असं मी स्वतःला सांगितलं. पण झोप बरी लागली नाही. त्याचा पाय मी चोरून एकदा पाहिला होता. दाढी करताना गाल सुजलेला आहे की मुळातच गुबगुबीत आहे, हे मला हात न लावता कळतं. तो पाय सुजलेला होता.

सोमवारी सकाळी कोसारा दारात आली आणि "पाय बाहेर" म्हणायच्या आधीच थांबली. तिने नाक वर केलं.

"राकिया. कोण प्यालं?"

आम्ही तिघं तीन भिंतींकडे पाहू लागलो.

"मी विचारतेय."

"स्रेतेनकाकांनी घेतली," झिवादिन म्हणाला. "घोटभरच. म्हातारा माणूस आहे, सिस्टर, जाऊ द्या."

माझी अशी चिडचिड झाली म्हणून सांगू! अर्धं जठर नसलेला माणूस राकिया पितो, हे कुणाला पटावं? पण झिवादिन पांघरुणाखालून माझ्याकडे असा पाहत होता, की शब्द दिलाय काका, शब्द. कोसारा माझ्या खाटेपाशी आली.

"तुम्ही?"

मी "हो" म्हटलं असतं तर दोन शिव्या पडल्या असत्या आणि संपलं असतं. "हो" माझ्या जिभेवर आलंही होतं. मग माझी नजर तिच्या गळ्यातल्या टेपवर गेली.

"नाही," मी म्हणालो. "त्याच्या पायाला लावलीय. डाव्या. काल दोनदा चोळलीय."

झिवादिनने मला एक अशी शिवी हासडली की ती इथे लिहिण्यासारखी नाही. कोसाराने ती ऐकलीसुद्धा नाही. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला होता.

"हलायचं नाही," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, आणि त्यामुळेच आम्ही घाबरलो. "पाय मुडपायचा नाही, उतरायचं नाही, चोळायचा तर मुळीच नाही."

लोकरी मोजा तिने कात्रीने उभा कापला. डावी पोटरी लाल, तकतकीत, हाताला गरम. टेप गुंडाळली. उजवी छत्तीस. डावी चाळीस.

"इतके दिवस चाला चाला म्हणून जीव खाल्लात," झिवादिन कुरकुरला, "आणि आता हलू नका?"

"चालला असतात तर आज हलू दिलं असतं," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला धावत गेली. धावताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

त्याला खाटेसकट ढकलत खाली सोनोग्राफीला नेलं. तासाभराने परत आणलं. नसेत गुठळी सापडली होती, गुडघ्याच्या वरपर्यंत पोचलेली. आता सुई मोठी, औषध दुपटीने जास्त, आणि कित्येक महिने. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं की ही सुटली असती तर एकवीस तारखेची काळजीच उरली नसती. छातीत दुखलं, दम लागला, तर त्याच क्षणी ओरडायचं. त्यांनी सोपं करून सांगितलं, आणि या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली हे मला दिसलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

अकराच्या बसने ल्युबिंका आली, हातात गरम पोळीचा डबा. कोसाराने तिला खोलीत येऊ दिलं नाही. माझी खाट दाराशी. दार नीट लागत नाही. आणि कान झाकून घ्यायची मला सवय नाही.

आधी कोसारा ओरडली. "हात तोडून ठेवायला हवेत! चोळलंत? गुठळीवर चोळलंत?" ल्युबिंका रडायला लागली, डबा खाली पडला, त्याचं झाकण व्हरांड्यात गडगडत गेलं. मग कोसाराचाच आवाज, पण वेगळा.

"रडू नका, वहिनी. मीही चोळलं होतं."

अकरा वर्षांपूर्वी ती सिस्टर नव्हती. नदीपलीकडच्या कपड्याच्या कारखान्यात पुरुषांचे सूट शिवायची. तिचा नवरा रादिशा याच वॉर्डात होता, स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेलं. तो इतका वाळला होता की घरी जाताना त्याच्या अंगावर एकही जुना कपडा राहिला नसता, म्हणून तिने त्याच्यासाठी नवा सूट बेतला. तो पडलेला असतानाच त्याच्या कंबरेचं माप घेतलं, छातीचं घेतलं, हाताचं घेतलं.

"पाय दुखतो म्हणाला, तर मी घरून राकिया आणली. तीन दिवस चोळलं. मला वाटलं, किती छान करतेय मी. घरी जायच्या दिवशी तो विजार घालायला उभा राहिला, आणि 'कोसा' एवढंच म्हणाला. सगळ्या अंगाचं माप घेतलं मी, वहिनी. पोटऱ्यांचं घ्यायचं तेवढं सुचलं नाही."

सूट तयार होता. त्यातच त्याला पुरला.

पुढच्या वर्षी कारखाना बंद पडला. चाळिशीची कोसारा सोळा वर्षांच्या मुलींच्या शेजारी बाकावर बसून सिस्टरचं शिक्षण शिकली, आणि मागून घेतला तो हाच वॉर्ड. टेप कारखान्यातलीच आहे. हे सगळं मी दाराआडून ऐकलं, आणि "हो" म्हणायला निघालेली माझी जीभ आठवून मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी झिवादिनला उठायची परवानगी दिली. आता त्याला उठायचं नव्हतं. गुठळी सुटेल या भीतीने तो श्वासही जपून घेत होता.

"औषध तिला धरून आहे," कोसारा म्हणाली. "आता झोपून राहिलात तर दुसरी होईल. आज एकवीस तारीख आहे असं समजा. पाहुणे आलेत. हे स्रेतेनकाका, ते आजोबा. यांना चहा कोण देणार, यजमान?"

"चहावाली बाई येते की."

"तुमच्या घरी पाहुण्यांना चहावाली बाई वाढते?"

ते वर्मी लागलं. तो पाय खाली सोडून उभा राहिला, पांढरे घट्ट मोजे घालून, एक हात पोटाच्या पट्ट्यावर, दुसऱ्यात किटली. माझ्यापर्यंत चार पावलं होती. चहा निम्मा बशीत सांडला.

"पाहुणे, घ्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. सोमवारनंतर तो माझ्याशी प्रथमच बोलत होता.

"यजमान, आपल्या घरी सगळं क्षेम असो," मी म्हणालो, रीत असते तसं. म्हातारा अंथरुणात बसून हळूच टाळ्या वाजवायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या खोलीतही वाढलं. चौथ्या दिवशी सबंध व्हरांडा त्याचा पाहुणा होता, आणि चहावाली बाई खुर्ची टाकून लोकर विणत बसली होती. ल्युबिंका त्याच्या मागे हात पुढे करून चालायची, पण पेला आता उचलून देत नसे. कोसाराने तिला संत्र्यावर सुई टोचायला शिकवलं, मग त्याच्या पोटावर. पहिल्यांदा टोचताना डोळे ल्युबिंकाने मिटले. झिवादिनने उघडे ठेवले होते.

एकोणीस तारखेला त्याला घरी सोडलं. मी दोन दिवस आधीच सुटलो होतो.

स्लावाला कोणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो. एकवीसला सकाळी नऊच्या बसमध्ये मी चांगली टोपी घालून चढलो, तर पुढच्या बाकावर कोसारा, मांडीवर वाइनची बाटली आणि कॉफीचा पुडा. केस नुकतेच कापलेले. डावी बाजू खाली.

"सिस्टर, एकदा माझ्या दुकानात या. फुकट कापतो."

"आधी चाळीस किलोमीटर बसून राहू नका. उठा, दोन फेऱ्या मारा."

चालत्या बसमध्ये तिने मला फेऱ्या मारायला लावल्या. लोक हसले.

झिवादिन फाटकातच उभा होता. चौदा किलो उतरलेला, काळ्या सुटात, एका हातात राकियाची सुरई, आणि दुसऱ्या हाताने विजार धरलेली. जखमेमुळे पट्टा आवळता येत नव्हता, आणि विजार होती जुन्या झिवादिनच्या मापाची. घर पाहुण्यांनी भरलं होतं. तो एका हाताने ओततोय, दुसऱ्याने कंबर सांभाळतोय, आणि कुणी "बस रे जरा" म्हटलं की त्याच्यावर खेकसतोय.

बाराची घंटा वाजली तशी ल्युबिंका त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. ती सुईची वेळ होती. कोसारा उठली, तिच्यामागे मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी काही परका नव्हतो. ज्या हातांनी चोळलं होतं त्याच हातांनी ल्युबिंकाने सुई टोचली, सफाईने, डोळे उघडे ठेवून. मग कोसाराने पिशवीतून टेप काढली.

"पाय."

उजवी छत्तीस. डावी सदतीस.

तिने टेप गळ्यात टाकली नाही. हातात धरून ती त्या ढगळ विजारीकडे पाहत राहिली. मग टेप त्याच्या कंबरेभोवती फिरवली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "वहिनी, सुईदोरा आणा. काळा."

"काढून देऊ का?" झिवादिनने विचारलं. "खाटेवर बसतो क्षणभर."

"यजमान बसत नाही," कोसारा म्हणाली. "असेच उभे राहा."

कपडा अंगावरच शिवताना, अपशकुन टळावा म्हणून, आमच्याकडे दातांत दोरा धरतात. ल्युबिंकाने एक तुकडा तोडून त्याच्या तोंडात दिला. कोसारा त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि विजारीला चुण्या घालून भराभर टाके घालू लागली. इतक्या वर्षांत हात विसरला नव्हता. अर्ध्यावर आल्यावर मात्र तो हात थांबला.

"रादिशाचा सूट कंबरेत दोन बोटं सैल झाला होता," ती त्या विजारीला सांगावं तसं म्हणाली. "कारखान्यातली सगळ्यात चांगली शिवणारी मी, आणि माझ्याच माणसाचा सूट सैल. झोपलेल्याचं माप घेतलं होतं ना. ते बरोबर येत नाही."

ती रडत होती. झिवादिन दातांत दोरा धरून काही बोलू शकत नव्हता. त्याने मागे हात नेला आणि तिच्या त्या वाईट कापलेल्या केसांवर ठेवला, आणि ती शेवटचा टाका घालीपर्यंत तसाच ठेवला.

तिने दोरा दातांनी तोडला. बाहेर फाटक वाजलं, कुणीतरी यजमानाला हाक मारली. झिवादिनने तोंडातला दोरा काढून खिशात घातला, सुरई एका हातात घेतली, दुसऱ्यात पेले, आणि पाहुण्यांना सामोरा गेला.